दाराकडे पाठ

मुंबईत 'वाईन' ही अक्षरे जितक्या दुकानांवर आढळतात, तितक्या दुकानांत वाईनला मानाची जागा असतेच असे नाही. फळ्यांवर रम, व्हिस्की, जिन यांच्या बाटल्या दाटीवाटीने उभ्या असतात, खाली शीतपेटीत बीअर असते आणि द्राक्षांची म्हणून जी दोन-चार बाटल्यांची पुंजी असते ती अगदी वरच्या फळीवर, धूळ खात, दूरच्या नातेवाइकासारखी अंग चोरून बसलेली असते. तरीही दुकान 'वाईन शॉप'च. त्याच्या शेजारी 'बीअर शॉपी'. हा 'शॉपी' शब्द मराठीने कोणाकडून घेतला, हे कोडे फोर्टमधल्या एका छापखान्यात अडतीस वर्षे मुद्रितशोधन करून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना शेवटपर्यंत सुटले नाही. पाट्या वाचणे हा त्यांच्या व्यवसायाने लावलेला रोग होता. 'वाईन'मधला ईकार दीर्घ असावा, कारण अकारान्तापूर्वीचा इकार दीर्घ लिहावा असा नियम आहे, हे ते आवर्जून सांगत. मग त्याच नियमाने 'परमिट रूम'मधले 'परमिट' दीर्घ का नाही, असे कोणी विचारले की ते हसत आणि म्हणत, सरकारने दिलेली सवलत आहे, ती ऱ्हस्वच असणार.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात फार उशिरा आली. हयातभर पाट्या वाचूनही ती नजरेतून निसटली होती. या शहरात 'दारू' हा शब्द पाटीवर एकाच ठिकाणी उघडपणे लिहिलेला असतो: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. बाकी सर्वत्र वाईन आहे, बीअर आहे, बार आहे, लाउंज आहे. दारू फक्त गरिबांच्या दारावर लिहिलेली.

ज्या कायद्याखाली ही सारी दुकाने चालतात तो मुळात दारू बंद करण्याचा कायदा आहे. हे मुंबईबाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला थट्टा वाटते. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग मोडला. स्वातंत्र्यानंतर, मोरारजी देसाई गृहखाते सांभाळत असताना, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० पासून सबंध राज्यात बंदी लागू झाली. साठच्या दशकात ती सैलावत गेली, पण कायदा रद्द कधीच झाला नाही. तो आजही आहे. त्याच्या पोटातच परवान्यांची सोय असल्यामुळे राज्यातला प्रत्येक पिणारा इसम कायद्याच्या दृष्टीने एक अपवाद असतो. परवान्यावर आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगण्याची व पिण्याची मुभा दिल्याचा मजकूर असतो. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपयांत आणि देशीला दोन रुपयांत मिळे. आरोग्याचीही अशी दोन मापे होती.

मुद्रितशोधकांनी वयाची पंचविशी ओलांडताच, १९७५ साली, परवाना काढला. त्यांच्याबरोबरच्या कोणीही काढला नव्हता, कारण तो कोणी विचारीतच नसे. पण छापील मजकुराशी ज्याचे लग्न लागले आहे त्याला कागदावाचून निर्धास्त वाटत नाही. छापखान्यातले जुने कंपोझिटर त्यांना बंदीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत. धोबीतलावच्या आणि गिरगावच्या गल्ल्यांतल्या आंटींची घरे, पुढल्या खोलीत येशूची तसबीर आणि तिच्यासमोर जळणारा लाल दिवा, मागल्या खोलीत बाकडी, मोटारीच्या ट्यूबांत भरून येणारा हातभट्टीचा माल आणि 'नवटाक' हे माप. शेर-पावशेर बाजारातून गेले, मेट्रिक आले, तरी नवटाक पिणाऱ्यांच्या तोंडी पुष्कळ वर्षे राहिले. या गोष्टींत धोका होता, रंगत होती. मुद्रितशोधकांच्या वाट्याला मात्र परवान्याचा, रीतसर मोजून ओतलेला काळ आला. साठ मिलिलिटरचा एक पेग, अर्ध्या तासाने दुसरा आणि मग उठायचे. तिसरा पेग त्यांनी कधी घेतला असेल तर तो हाताच्या बोटांवर मोजता यावा.

शनिवारची बैठक तिघांची. एक ते स्वतः, एक कंपोझिटर आणि एक बँकेतला कॅशिअर. जागा ठरलेली नसे. पण कोणती जागा कशासाठी, हे ठरलेले असे. नगीनदास मास्टर मार्गावरचे 'कॅफे मिलिटरी', १९३३ सालचे, हे उन्हाळ्याचे. तिथे व्हिस्कीचा विचार करू नये. थंडगार बीअर मागवावी, बरोबर खिमा आणि पाव, आणि पंख्याखालचे टेबल मिळाले नाही तर मिळेपर्यंत दाराशी थांबावे. इराणी उपाहारगृहातले टेबल ही या शहरातली सर्वांत लोकशाहीवादी वस्तू होय. एका टेबलाशी वकील, हमाल आणि दलाल आपापली बीअर घेऊन बसलेले असत आणि एकमेकांकडे न पाहण्याचा शिष्टाचार कसोशीने पाळीत. 'कॅफे युनिव्हर्सल' दुपारचे. बॅलार्ड इस्टेटच्या बाजूची कचेऱ्यांतली गर्दी जेवून परत गेली की तासभर तिथे अशी काही शांतता उतरे की पेल्यावर साचलेल्या दवाचा थेंब टेबलावर ओघळलेलाही जाणवावा. पगाराच्या आधीच्या शनिवारी 'गोकुळ'. ताजमहाल हॉटेलच्या पाठीमागच्या गल्लीत इतकी स्वस्ताई असावी, हा मुंबईचा स्वभावच आहे. पुढच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून बसणाऱ्याचे जेवढ्यात एक सरबत होईल, तेवढ्यात मागच्या बाजूला तिघांची संध्याकाळ होत असे.

कुलाब्याच्या 'मोन्देगार'ला ते वर्षातून एकदा जात, तेही मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर काढलेल्या चित्रांसाठी. एका भिंतीवर मुंबई, दुसऱ्या भिंतीवर गोवा. त्या चित्रांतली माणसे खऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा अधिक मोकळी बसलेली वाटत. मुद्रितशोधक चित्राकडे तोंड करून बसत आणि एखादी आकृती गेल्या वर्षी दिसली नव्हती ती यंदा सापडली की त्यांना छापखान्यातली लपलेली चूक सापडल्याचा आनंद होई. 'लिओपोल्ड' १८७१ सालचे, म्हणजे त्या साऱ्यांचे आजोबा. पण तिथे परदेशी प्रवाशांची वर्दळ फार आणि बिल पाहून कॅशिअर मित्राचा चेहरा उतरे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या उपाहारगृहावर गोळीबार झाला. थोड्याच दिवसांत दारे पुन्हा उघडली तेव्हा मात्र हे तिघे मुद्दाम गेले, न परवडणारी बीअर घेतली, भिंतीतली गोळ्यांची भोके पाहिली आणि फारसे न बोलता परतले.

दादरच्या नाटकानंतरच्या बैठकीसाठी शेट्टींचा बार. उपनगरांतले बहुतेक परमिट रूम उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींनी उभे केले आणि त्यांनी मध्यमवर्गीय मराठी माणसाची नाडी जशी ओळखली तशी क्वचितच कोणी ओळखली असेल. उजेड एवढाच की ताटलीतला चकणा दिसावा, पण समोरच्या टेबलावरचा शेजारी ओळखू येऊ नये. दाराला आरपार न दिसणारी काच. वरच्या मजल्यावर 'एसी', खाली 'नॉन-एसी'. बाटली एकच, भाव दोन. उकडलेले शेंगदाणे, मसाला पापड, मागितले तर बोंबील. वेटर आपापसांत तुळू बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कोणाला सोडा किती लागतो, कोण बर्फ घेत नाही, कोणाला साडेनऊची लोकल गाठायची आहे, हे सारे त्यांच्या डोक्यात पक्के असे. निघताना बशीतली बडीशेप. ती चघळीत स्टेशनपर्यंत चालत जायचे, म्हणजे घरी कळत नाही, अशी तिघांचीही समजूत होती. घरी कळत असे. मुद्रितशोधकांच्या पत्नीने लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा सांगून टाकले होते, "शनिवारी बडीशेप खाऊन येऊ नका, मला आवडत नाही तिचा वास." त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत या विषयावर त्या घरात एक अक्षर निघाले नाही.

मराठी घरांतले हे मौन मोठे विलक्षण आहे. त्यात संमती असते, दटावणीही असते, आणि 'आपले माणूस तसले नव्हे' हा दिलासाही असतो. तसले म्हणजे कसले, हे ज्याने त्याने आपापल्या चाळीपुरते ठरवलेले असते. मुद्रितशोधकांच्या घरात ते ठरवण्याची गरज पडली नाही, कारण दादा होते.

दादा त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील गावाकडे लवकर गेले, तेव्हा दादांनी लालबागच्या गाळ्यात पथारी टाकली आणि लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. पुढे कायम झाले. धाकट्याला त्यांनीच मुंबईला आणले, इंटरपर्यंत शिकवले आणि छापखान्यात लागला तेव्हा पहिल्या दिवशी घालायला म्हणून नवा शर्ट शिवला. शाळेत असताना दादांचा डबा गिरणीच्या फाटकाशी पोहोचवणे हे धाकट्याचे काम होते. फाटकातून आत त्याला कधीच सोडले नाही. दादा बाहेर येत, केसांत आणि पापण्यांवर कापसाचा पांढरा भुरा, कान साच्यांच्या आवाजाने बधिर, म्हणून मोठ्याने बोलत. डबा घेताना खिशातून दहा पैसे काढून हातावर ठेवीत.

दादा पीत असत. पाळी सुटली की नाक्यावरच्या सरकारमान्य दुकानात, लोखंडी जाळीमागच्या माणसाला पैसे देऊन, उभ्याउभ्याच. बाहेर फळकुटावर मीठ लावलेले आवळे, उकडलेली अंडी. पहिला घोट घेण्याआधी पेल्यात बोट बुडवून ते दोन थेंब जमिनीवर शिंपडीत. गेलेल्यांसाठी, असे म्हणत. धाकट्याच्या बैठकीत असे कोणी करीत नसे. ते गावठी समजले जाई.

दोघा भावांच्या पिण्यात फरक कोणता, याचा हिशेब मुद्रितशोधकांनी पुढे अनेकदा मांडला. बाटल्यांवरची अक्षरे ते वाचतच असत. साध्या व्हिस्कीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के छापलेले असे; देशी संत्र्याच्या बाटलीवरचा आकडाही त्याच्या फार लांब नव्हता. फरक होता तो बसण्याचा. ज्याला खुर्ची मिळते तो अर्धा तास घेतो, पाण्याचा पेला मागतो, खातो, बोलतो, थांबतो. ज्याला उभे राहून प्यावे लागते तो घशाखाली लोटून बाहेर पडतो. संप होईपर्यंत दादाही प्रमाणात पीत. एक क्वार्टर, पगाराच्या दिवशी थोडी अधिक. पहाटे भोंगा व्हायचा असे, त्याच्या आत उठायचे असे. दादांच्या पिण्याला दाराशी बसलेला तो भोंगा हाच खरा पहारेकरी होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो पहारेकरी गेला. दोन लाखांहून अधिक कामगार घरी बसले. डॉ. दत्ता सामंतांवर दादांचा विश्वास होता. सहा महिन्यांत मिटेल, दिवाळीला मिटेल, असे ते सांगत राहिले. संप रीतसर मागे घेतला असे कोणी कधी जाहीरच केले नाही. तो नुसता विरत गेला. ज्यांना परत घेतले त्यांच्यात दादा नव्हते. त्यांनी भाजीची गाडी लावून पाहिली, एका गोदामावर रात्रीचा पहारा केला. दुपारी झोप येत नसे. मग सकाळी अकरा वाजता नाक्यावरच्या दुकानाची जाळी उघडण्याची वाट पाहणाऱ्यांत ते दिसू लागले. वहिनींनी धाकट्याला निरोप धाडले. धाकटा गेला, बोलला, पैसे ठेवून आला. पैसे ठेवून येणे हा बोलणे लवकर संपवण्याचा एक मार्ग असतो.

१९८४ च्या पावसाळ्यातला एक शनिवार. फोर्टमधल्या एका बारमध्ये (त्याचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही) मुद्रितशोधक मित्रांच्या आधी येऊन बसले होते. समोर पहिला पेग आणि सोमवारच्या गॅल्या. दार समोरच होते. ते उघडले आणि दादा आत डोकावले. अंगावर भिजलेला सदरा, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. छापखान्यात चौकशी करून, कोणी तरी सांगितलेल्या पत्त्यावर ते आले असावेत. वेटर पुढे झाला. दोघांत काही बोलणे झाले. मग वेटरने मागे वळून टेबलाकडे पाहिले आणि हळूच विचारले, "साहेब, तुमच्यापैकी आहेत का?"

मुद्रितशोधकांनी गॅलीवरून मान वर केली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दार लागल्याचा आवाज झाला. त्यांनी वर पाहिले तेव्हा काचेवर पावसाचे पाणी ओघळत होते. मित्र आले, नेहमीसारखी बैठक झाली, नेहमीसारखी बडीशेप घेतली. त्या गॅल्यांत त्यांनी सात चुका सोडल्याचे सोमवारी संपादकांनी दाखवून दिले. त्यांच्या सबंध नोकरीत तसे दुसऱ्यांदा घडले नाही.

दादा त्यानंतर तीन वर्षे जगले. ते भेटत, बोलत, धाकट्याच्या मुलीला मांडीवर घेत. त्या शनिवारचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. १९८७ साली पालिकेच्या रुग्णालयात यकृताच्या विकाराने ते गेले. तेराव्याच्या दिवशी वहिनी सहज बोलता बोलता म्हणाल्या, "त्या पावसात तुमच्याकडे आले होते ना, त्या दिवशी घेतली नव्हती हो त्यांनी. आठ दिवस घेतली नव्हती. तुम्हालाच सांगायला म्हणून गेले होते." मुद्रितशोधक काही बोलले नाहीत. तेव्हापासून कोणत्याही बारमध्ये गेले की ते दाराकडे पाठ करून बसू लागले. मित्रांनी कारण विचारले, तेव्हा वाऱ्याची झुळूक सोसत नाही, असे सांगितले. मित्रांनी त्यावर विश्वास ठेवला, किंवा तसे दाखवले. चांगल्या बैठकीत याहून अधिक विचारीत नाहीत.

वर्षे गेली तशी बैठकही आटत गेली. कंपोझिटर आधी गेले. त्यांच्या खिळ्यांचे काम तर त्यांच्याही आधी गेले होते. कॅशिअर मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले. दुसरीकडे, पाटीवर इतकी वर्षे नुसतीच लिहिलेली वाईन आता खरोखर येऊ लागली. नारायणगावात ऐंशीच्या दशकातच फेसाळ वाईन होऊ लागली होती, पण तिचा बोलबाला बड्या हॉटेलांपुरता. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वाईनच्या द्राक्षांची लागवड केली, 'सुला'ची पहिली वाईन २००० साली निघाली आणि २००१ साली राज्याने द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आणले. खाण्याच्या द्राक्षांसाठी ओळखले जाणारे नाशिक 'शेनिन ब्लां' आणि 'सोव्हिन्यों ब्लां' अशी नावे उच्चारू लागले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन ही दारू आहे की नाही यावर महाराष्ट्रात वाद पेटला. विरोध वाढला आणि तो निर्णय बारगळला. मुद्रितशोधक त्या दिवसांत वृत्तपत्रे बारकाईने वाचीत. वाईन म्हणजे दारू नव्हे, असे म्हणणाऱ्यांचे त्यांना नवल वाटले नाही. ते तर पाट्यांवर आधीपासून लिहिलेलेच होते.

२०२३ साली त्यांच्या त्र्याहत्तराव्या वाढदिवसाला मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचे ते अंधारे बार पुरे झाले. आज मी नेते." ती नोकरी करते, स्वतः अधूनमधून वाईन घेते आणि घरी सांगते. बडीशेपेचा प्रश्नच तिच्या पिढीत उरलेला नाही. गाडी लोअर परळला थांबली. गिरणीच्या आवारात काचेच्या इमारती झाल्या होत्या. मधले एक जुने बांधकाम तेवढे शोभेसाठी राखून त्यात वाईन बार केला होता. आत शिरताच मुद्रितशोधकांची नजर वर गेली. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे, एकाआड एक काचा, सगळ्या उत्तरेकडे. अशा छपराखाली साचे असतात, कारण सुताला उजेड हवा, पण ऊन नको, हे दादांनी त्यांना डबा घेताना कधी तरी सांगितले होते. बिडाचे खांब काळ्या रंगाने चकचकीत केले होते. दोन खांबांच्या मधोमध उंच पायांची टेबले, त्यांवर मेणबत्त्या.

मुलीने आदराने त्यांना आतल्या बाजूची, दाराकडे तोंड असलेली खुर्ची दिली. ते क्षणभर थांबले आणि बसले.

पेयपत्रिका इंग्रजीत होती. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि दोन चुका काढल्या. मुलीने नाशिकची शेनिन मागवली. पांढऱ्या सदऱ्यातल्या एका तरुणीने बाटली दाखवली, बूच काढले, पेल्यात बोटभर ओतून ती थांबली. चव पाहून पसंती द्यायची असते, हे मुलीने सांगितले. परवान्याच्या काळात कोणी पसंती विचारीत नसे. त्यांनी घोट घेतला.

"कशी आहे, सर?"

"आंबट आहे," ते म्हणाले, आणि दोघी हसल्या. मग त्यांनी पुन्हा घोट घेतला. आंबटपणाच्या मागे कच्च्या पेरूसारखे काही होते, मग किंचित मध. वाईन चांगली होती. तिला उगाच नावे ठेवण्यात अर्थ नव्हता. थंड, हलकी, जिभेवर रेंगाळणारी. तिच्यासाठी वेळ हवा, खुर्ची हवी, बरोबर कोणी बोलणारे हवे. पत्रिकेवरची किंमत मात्र त्यांनी एकदा मनात दादांच्या पगाराशी ताडून पाहिली. एका पेल्याला संपाआधीच्या महिन्याभराच्या कमाईएवढे पैसे पडत होते. जमाना बदलला, रुपया घसरला, हे सारे खरे. पण हिशेब डोक्यात आला तो आलाच.

"दादाकाका इथेच होते ना?" मुलीने विचारले. तिला ते भिंतीवरच्या तसबिरीतून ठाऊक होते, आणि मांडीवर बसल्याची एक धूसर आठवण. "नेमके कुठे काम करायचे?"

त्यांनी खांब मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मग थांबले. दादांचे साचे कोणत्या रांगेत होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते या छपराखाली आज पहिल्यांदाच आले होते. "मी फाटकापर्यंतच यायचो," ते म्हणाले.

मग त्यांनी मुलीला त्या शनिवारचे सांगितले. फार वेळ लागला नाही; सारे मिळून पाच-सहा वाक्ये झाली असतील. वहिनी तेराव्याला काय म्हणाल्या, तेही. मुलीने मधे काही विचारले नाही. पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस चालला होता, मेणबत्त्या फुंकल्या जात होत्या, टाळ्या वाजत होत्या. बाटलीत अजून दोन पेले उरले होते. तरुणी ओतायला आली तेव्हा त्यांनी पेल्यावर हात ठेवला आणि मुलीच्या पेल्याकडे बोट दाखवले.

बाहेर पडल्यावर मुलगी गाडी आणायला गेली. मुद्रितशोधक आवारातून सावकाश चालत रस्त्याकडच्या तोंडापर्यंत आले. जुने फाटक नव्हते. त्या जागी पिवळा-काळा आडवा दांडा होता, गाड्या आल्या की वर उचलला जाणारा. दगडी खांबांपैकी एक मात्र जागच्या जागी होता. त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहिले म्हणजे आतून येणारा माणूस आधी दिसे, हे त्यांना अजून आठवत होते. ते तिथे जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने पहारेकरी जवळ आला. तरुण होता, कुठल्या तरी दूरच्या प्रांतातला, नुकताच मराठी शिकलेला.

"काका, इथे थांबू नका," तो म्हणाला. "गाड्या येतात. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले.